बर्फाखालचा वॉलआय: मिनेसोटाचा हिवाळा, बाबांसोबत

मासा एका जागी राहत नाही, हे रेवदंड्याच्या खाडीवर आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. भरती कुठवर आली, पाणी किती गढूळ आहे, तिथी कोणती, यावर जिताडा कुठे गरवायचा ते बाबा ठरवतात. वहिनीच्या बाळंतपणासाठी आई-बाबा नोव्हेंबरात अमेरिकेत, मिनेसोटाला आले. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला दादाच्या घरामागचं तळं गोठलं. खिडकीत उभे राहून बाबांनी विचारलं, "आता खालचा मासा कुठे गेला असेल गं?"

त्या प्रश्नामागे आम्ही अख्खा हिवाळा फिरलो. डिसेंबरात अपर रेड लेक, जानेवारीच्या शेवटी मिल लॅक्स आणि मार्चात पार कॅनडाच्या सीमेवरचा लेक ऑफ द वुड्स. शोधत होतो तो वॉलआय. १९६५ पासून हा मिनेसोटाचा राज्यमासा आहे. पर्चच्या कुळातला, अंगावर सोनेरी-हिरवट झाक, तोंडात अणकुचीदार दात आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग. डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा थर असल्याने अंधुक उजेडातही याला शिकार दिसते. त्याला कुठे आणि केव्हा शोधायचं, याची निम्मी उत्तरं त्या डोळ्यांत आहेत.

अपर रेड लेक, डिसेंबर

शुक्रवार

मिनिॲपोलिसहून वास्किश साडेचार तास. शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दलदल आणि काटकुळे टॅमरॅक वृक्ष. साडेचारलाच काळोख पडला होता. आमिषाच्या दुकानात सत्तरीच्या बाई एकट्याच होत्या. जाळीच्या पळीने जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचे बारके मासे, मोजून पिशवीत भरता भरता त्यांनी बाबांकडे पाहून विचारलं, "हे पहिल्यांदाच बर्फावर?" मी म्हटलं, "बर्फावर पहिल्यांदा, पण पाण्यावर साठ वर्षं." त्यावर त्यांनी बाबांसाठी एक स्टूल ओढलं आणि माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याशीच बोलायला लागल्या. मी मध्ये दुभाषी.

"सध्या मासा तिथेच आहे जिथे शरदात होता," त्या म्हणाल्या. "पानगळीच्या दिवसांत बारकी मासळी किनाऱ्याकडे येते, तिच्यामागे वॉलआय येतो. वरून बर्फ धरला म्हणून तो लगेच कुठे जात नाही. सात-आठ फूट पाण्यात बसा. आणि गप्प बसा."

बाबांनी मान हलवली. हे त्यांना पटलं.

परवान्याबद्दल: पाहुण्यांना परराज्यातल्या माणसाचा परवाना लागतो. तो २४ तासांचा, ७२ तासांचा किंवा आठवड्याचाही मिळतो, तेव्हा वर्षाचा घ्यायची गरज नाही. बर्फावर माणशी दोन गळ चालतात, उन्हाळ्यात एकच.

शनिवार

पहाटे उणे १४. रिसॉर्टच्या पोराने पट्ट्यांच्या गाडीमागे घसरगाडी जोडून आम्हाला आत नेलं. बर्फ नऊ इंच, काचेसारखा स्वच्छ, वर बर्फाची भुकटी नावालाच. थोडं अंतर गेलो आणि पायाखालून खोल घुमणारा आवाज आला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत गेलेला. बाबांनी माझा दंड धरला. पोरगा म्हणाला, बर्फ जाड होताना ताणला जातो, त्याचा हा आवाज आहे आणि थंडीत तो चांगला. बाबांनी दंड सोडला, पण पुढचा आवाज येईपर्यंत ते चाललेच नाहीत. आला, तो नीट ऐकला, मग निघाले.

इथेच सांगते, कारण डिसेंबरात बर्फ फुटून माणसं बुडतात. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, म्हणजे डीएनआरचा, ठोकताळा असा: नवा पारदर्शक बर्फ चार इंच असेल तर पायी जावं, पाच ते सात इंचांवर स्नोमोबाइल, मागे मासेमारीचं घर ओढणाऱ्या मोठ्या पिकअप ट्रकसाठी वीस इंच. दुधाळ पांढऱ्या बर्फाची ताकद साधारण निम्मी, म्हणून तिथे जाडी दुप्पट हवी. कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नाही, हे तेच खातं सांगतं. हातात पहार ठेवून पुढची जागा ठोकत चालायचं. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार आइस पिक हवेतच. पाण्यात पडलात तर ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढता येतं. जाकिटाखाली लाइफ जॅकेट घालणारे लोकही आम्ही पाहिले आणि ते मला शहाणपणाचं वाटलं.

आठ फुटांवर भोकं पाडली. इलेक्ट्रिक ऑगरने एका भोकाला अर्धा मिनिट पुरतं. मग तंबू लावून अर्धा तास नुसतं बसलो, कारण उथळ पाण्यात बर्फावरच्या पावलांची धडधड थेट माशापर्यंत जाते. एका गळाला सोनेरी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, त्याच्या टोकाला मिनोचं मुंडकं. हा सतत वरखाली नाचवायचा. दुसऱ्या गळाला जिवंत मिनो, तळापासून वीतभर वर, तरंग्याला टांगलेला. तो स्वस्थ सोडून द्यायचा. नाचणाऱ्या चमच्याकडे मासा ओढला जातो आणि बऱ्याचदा शेजारच्या स्वस्थ मिनोला तोंड लावतो.

रेड लेकचं पाणी दलदलीतून येतं, म्हणून रंगाने कोऱ्या चहाचं. उजेड खाली फारसा पोचत नाही, त्यामुळे इथे वॉलआय भर दुपारीही खातो. साडेअकराच्या सुमाराला बाबांचा तरंगा हळूच खाली गेला. मी "ओढा, ओढा" म्हणतेय आणि बाबा शांत. त्यांनी तंगूस दोन बोटांत धरला, मासा मिनो घेऊन वळेपर्यंत थांबले आणि मग मनगटाचा एक झटका. पंधरा-सोळा इंचांचा वॉलआय भोकातून वर आला. तंबूतल्या दिव्याचा झोत पडला आणि त्याचा डोळा पेटला.

"अगं, जिताडाच की!" बाबा म्हणाले. जिताड्याचा डोळाही रात्री बॅटरीच्या उजेडात असाच चमकतो. ही दोन कुळं वेगळी, पाणी वेगळं, पण काळोखात शिकार करणाऱ्या दोघांचीही डोळ्यांची व्यवस्था एकच. पुढचे तास बाबांनी मला तंगूस बोटांवर कसा वाचायचा ते शिकवलं.

रात्री केबिनमध्ये मासा केला. आमसुलाचं आगळ, हळद, आलं-लसूण, आईने बांधून दिलेला घरचा मसाला, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. पहिला तुकडा खाऊन बाबा म्हणाले, "याचं मांस फार हळवं आहे. उद्या मसाला निम्मा लाव." दुसऱ्या दिवशी निम्मा लावला. खरंच, वॉलआयला हळद, मीठ, आगळ आणि थोडं तिखट, एवढंच पुरतं.

त्या रात्री शेजारच्या केबिनमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी या तलावाची जी गोष्ट सांगितली ती मला माशापेक्षा मोठी वाटते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेड लेकमधला वॉलआय अति मासेमारीने जवळजवळ संपला होता. लोअर रेड लेक पूर्ण आणि अपरचा पश्चिम भाग रेड लेक ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांचा. पिढ्यान् पिढ्या त्यांचं पोट या माशावर. १९९७ साली त्यांच्या मच्छीमारांनी आपणहून व्यापारी मासेमारी थांबवली. १९९९ मध्ये ओजिब्वे, राज्य आणि केंद्र सरकार यांचा करार झाला, सगळ्यांनाच वॉलआयची बंदी झाली आणि १९९९, २००१, २००३ अशी तीन वर्षं कोट्यवधी पिल्लं सोडली. २००६ मध्ये तलाव पुन्हा खुला झाला. बाबा हे ऐकताना जेवायचे थांबले होते. "आमच्याकडे पावसाळ्यात बंदी आहे," ते म्हणाले, "पण आपण होऊन सगळं बंद ठेवायचं, आणि तेही एवढी वर्षं..." पुढे ते बोलले नाहीत. मी ते त्या शिक्षकांना भाषांतर करून सांगितलं, तेही काही बोलले नाहीत, पण बाबांच्या ताटात त्यांनी आणखी एक तुकडा वाढला.

रविवारी सकाळी दोन तास बसून परतलो.

मिल लॅक्स, जानेवारीचा शेवट

शनिवार

मिनिॲपोलिसहून दोन तासांच्या आत. १ लाख ३२ हजार एकरांचा तलाव, पण खोली जेमतेम ४२ फूट. सकाळी थर्मामीटर उणे २७ वर. नाकातले केस गोठतात आणि पापण्या चिकटतात. बाबांना दादाची जुनी हंटिंगची बिबची पँट, दोन लोकरी टोप्या आणि मोठ्या पांढऱ्या 'बनी बूट' नावाच्या रबरी बुटांत घातलं होतं. ते एकदाही थंडी वाजते म्हणाले नाहीत. "रात्री होडीत ओल्या कपड्यांनी बसण्यापेक्षा हे बरं," एवढंच.

इथे बर्फ दीड फुटाच्या वर होता, वर रिसॉर्टवाल्यांनी नांगरून काढलेले रस्ते, गाडी थेट तलावावर. भेगा पडतात तिथे त्यांनी लोखंडी पूल टाकलेले. आत गेल्यावर मासेमारीसाठी बर्फावर आणून ठेवलेल्या घरांच्या वसाहतीच वसाहती.

आणि मासा कुठेच नाही.

म्हणजे डिसेंबरात जिथे होता तिथे नाही. किनाऱ्यालगतच्या दहा फुटांत भोकं पाडली, काहीही नाही. शेजारच्या घरातला एक मध्यमवयीन गृहस्थ कुत्र्याला फिरवायला बाहेर पडला होता. आमची भोकं बघून तो म्हणाला, "तुम्ही दीड महिना उशिरा आलात." मग त्याने बर्फावर बुटाच्या टोकाने नकाशा काढला. मिल लॅक्सच्या उत्तरेकडे तळाशी चिखलाची पठारं आहेत, आजूबाजूच्या तळापेक्षा काही फूट उंच. भर हिवाळ्यात वॉलआय तिकडे जातो, तीस फुटांच्या आसपास. दिवसभर पठाराच्या पायथ्याशी खोलात पडून राहतो आणि उजेड उतरला की कडेवर चढतो.

का जातो, हे बाबांना हवं होतं. मला जे माहीत आहे ते मी सांगितलं. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सियसला. म्हणून गोठलेल्या तलावात बर्फाला चिकटलेलं पाणी शून्याच्या जवळ आणि तळाचं ४ अंशांच्या आसपास. हिवाळ्यात तळ उबदार. दुसरं, बर्फावर साचलेला भुसभुशीत हिम उजेड अडवतो. उथळातल्या पाणवनस्पती मरतात, कुजतात आणि कुजताना प्राणवायू खातात. मग तिथली बारकी मासळी हलते आणि तिच्यामागे वॉलआय. थंडीमुळे त्याचं अंगही मंदावतं, भूक कमी होते. अगदी खोल खड्ड्यांत मात्र हिवाळा सरत आला की तळालगतचा प्राणवायूही घटतो, म्हणून सगळ्यांत खोल जागा ती सगळ्यांत चांगली असं समजू नका.

बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे भरती-ओहोटी इथेही आहे. फक्त एक भरती सहा महिन्यांची."

दुपारभर आम्ही पठाराच्या कडेने भोकं पाडत फिरलो. एका भोकात दहा मिनिटं, काही दिसलं नाही तर पुढे. इथे सोनार फ्लॅशर हाताशी हवाच. गोल तबकडीवर तळाची जाड रेघ, आपल्या चमच्याची बारीक रेघ आणि मासा आला की तळातून सुटून वर येणारी तिसरी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांची नजर चांगली झाली आहे. अर्ध्या तासात ते माझ्याआधी मासा ओळखू लागले. रेघ वर यायची, चमच्यापाशी थांबायची, बघायची आणि खाली जायची. हे जानेवारीचं लक्षण. चमचा लहान करा, नाचवणं कमी करा, नुसता थरथरवा. कधी तळावर दोनदा आपटून चिखल उडवा आणि स्थिर धरा. या काळात भरपूर हलवणाऱ्या माणसाला मासा नुसता बघून जातो.

मिल लॅक्सचं पाणी नितळ आहे आणि पाणी गाळणाऱ्या झेब्रा शिंपल्यांमुळे ते आणखी नितळ झालं आहे. त्यामुळे इथे वेळ अगदी थोडी: सूर्य क्षितिजाला टेकल्यापासून काळोख होईपर्यंत. पाच वाजता कडेवरच्या एकाच भोकावर रेघ आली आणि यावेळी ती खाली गेली नाही. बाबांच्या हातातली काठी वाकली. पंचवीस इंचांचा मासा. या तलावावर मापाचे नियम फार कडक असतात आणि हंगामागणिक बदलतात. जायच्या आधी डीएनआरचं पान वाचूनच जा. हा मापात बसत नव्हता. बाबांनी ओल्या हाताने धरून त्याला परत भोकात सोडला. हातमोजा न घालता, कारण कोरड्या मोज्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

रविवार

सकाळी कॅफेत न्याहारी. शेजारच्या टेबलावरच्या ओजिब्वे आजी मनोमिन, म्हणजे इथला जंगली तांदूळ, पिशव्यांत भरून विकायला घेऊन आल्या होत्या. उन्हाळ्याच्या शेवटी दोघं कनूत बसतात, एक वल्हवतो, दुसरा दोन काठ्यांनी ओंब्या होडीत वाकवून झोडतो. बाबांनी दाणा तळहातावर घेऊन दाताखाली चावला आणि विचारलं, पाण्यातच पेरता का? आजी हसल्या, "तो स्वतःच पेरतो. थोडा आम्ही घेतो, थोडा पाण्यात पडतो." त्यांच्याकडून आम्हाला १८३७ च्या कराराबद्दल कळलं. जमीन देताना ओजिब्वेंनी शिकारीचा, मासेमारीचा आणि वेचणीचा हक्क राखून ठेवला होता आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शाबूत असल्याचा निकाल दिला. तलावाचा हिशेब आता दोन्ही बाजू मिळून ठेवतात.

दुपारी वारा फिरला, आमच्या परतीच्या रस्त्यावर बर्फाची कड उंचावली आणि शेजारी पाणी दिसू लागलं. पूल काढला. चार तास कुणी हलायचं नाही. तो वेळ मला सगळ्या हिवाळ्यातला सर्वांत आवडला. कुत्रेवाल्या गृहस्थांच्या घरात अकरा माणसं जमली. त्यांच्या बायकोने ओव्हनमधून हॉटडिश काढला: खिमा, सूप आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि इंडियन स्टोअरमधले सुके बोंबील. बाबांनी ते गॅसच्या शेगडीवर भाजले. वासाने दोन घरांमधून माणसं बाहेर आली, आणि परत जाताना प्रत्येकाच्या हातात बोंबील होता. एका तरुण मुलाने चटणी हॉटडिशवर घालून खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली.

शेगडीचं निघालं म्हणून: बंद घरात प्रोपेन जाळत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि वर हवेला उघडी जागा, या दोन्ही गोष्टींशिवाय बसू नका. बर्फात बुडण्याइतकाच हाही धोका आहे.

लेक ऑफ द वुड्स, मार्चचा मध्य

गुरुवार

मिनेसोटातल्या बहुतेक तलावांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो. सीमेवरच्या या तलावावर मात्र तो १४ एप्रिलपर्यंत चालतो, म्हणून मार्चात सगळे इकडे येतात. मिनेसोटा, ऑन्टारिओ आणि मॅनिटोबा यांच्यात वाटलेला हा तलाव, १४ हजारांहून जास्त बेटं. बोडेट गावात ४० फुटी विली वॉलआयचा पुतळा १९५९ पासून उभा आहे. त्याखाली बाबांचा फोटो काढला आणि तो रेवदंड्याच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. उत्तर आलं, "केवढ्याला दिला?"

शुक्रवार

बर्फ अजून दोन फुटांच्या वर, पण हवा शून्याच्या आसपास आणि उन्हात पृष्ठभागावर पाणी. बॉम्बार्डियरमधून निघालो: गोल खिडक्यांची, पुढे स्की आणि मागे पट्टे असलेली जुनी बंद गाडी. आत समोरासमोर बाकं, इंजिनाचा आवाज इतका की सगळे ओरडून बोलतात. गाइड साठीचा, वाढलेली पांढरी दाढी, हातावर जुन्या गऱ्यांच्या खुणा. बाबांनी आपल्या हातावरची खूण दाखवली. त्यानंतर दुभाषाची फारशी गरज राहिली नाही.

आधी खोलात, तीस फुटांवर बसलो. लागत होते, पण बहुतेक सॉगर, वॉलआयचा धाकटा चुलत. शेपटीला पांढरा डाग नाही आणि पाठीच्या पंखावर काळे ठिपके, ही ओळख पाठ करून ठेवा. कारण त्या हंगामात दोन्ही मिळून सहा मासे चालत होते आणि त्यात वॉलआय चारच.

रात्र तलावावरच्या झोपायच्या घरात काढली. भिंतीवर रॅटल रील: छोटं चाक, त्याला घुंगरू, काठी नाही. मासा ओढला की चाक फिरतं, घुंगरू वाजतं आणि मासा हातानेच ओढायचा. बाबांनी ते बघितलं आणि काठ्या कोपऱ्यात ठेवल्या. त्यांची सगळी हयात हातदोरीवर गेली आहे. रात्री दोनला घुंगरू वाजलं. ते माझ्याआधी चाकापाशी होते, ओंजळीने दोर ओढत, मासा पळाला की सोडत, थांबला की घेत. वर आला तो लांबट, बुळबुळीत, हनुवटीला एकच मिशी. बरबॉट! इथले लोक ईलपाउट म्हणतात. गोड्या पाण्यात राहणारा हा कॉडच्या जातीचा मासा हिवाळ्यातच, बर्फाखालीच अंडी घालतो आणि रात्री फिरतो. सकाळी गाइडने तो तुकडे करून खारट पाण्यात उकळला आणि लोण्यात बुडवून दिला. मला तो वॉलआयपेक्षा जास्त आवडला, हे मी मिनेसोटात फार मोठ्याने बोलत नाही.

शनिवार

गाइडने सकाळीच सांगितलं, आज आत जायचं नाही, किनाऱ्याकडे यायचं. मार्चात दिवस मोठा होतो, हिम वितळून उजेड खाली जातो, वितळलेलं पाणी भोकांतून आणि भेगांतून प्राणवायू घेऊन उतरतं. त्याहून मोठं कारण रेनी नदी. वॉलआय बर्फ फुटल्यावर वसंतात अंडी घालतो, आणि त्यासाठी इथला पुष्कळ मासा नदीत वर चढतो. त्याआधीचे आठवडे तो नदीच्या मुखासमोर जमत जातो. आम्ही अठरा फुटांवर बसलो. मुखाच्या अगदी जवळ मात्र कुणी जात नव्हतं, आणि जाऊ नये: खालच्या प्रवाहाने तिथला बर्फ बाहेरून दिसत नाही इतका पातळ होतो. जुनी भोकंही या दिवसांत रुंदावतात. रात्री चालताना दिवा पायाशी धरा.

इथे मासा जानेवारीतला नव्हता. फ्लॅशरवर रेघ तळातून उठायची आणि थेट चमच्यावर यायची. मोठा चमचा, आत खुळखुळणाऱ्या गोळ्या, जोरात नाचवलेला. दहाच्या सुमाराला बाबांना जो लागला त्याने चाकातून दोर पळवला आणि बर्फाच्या खालून दोनदा वळसा घातला. गाइड भोकापाशी गुडघ्यांवर बसला, बाबांनी घाई केली नाही. सव्वीस इंचांची मादी वर आली, पोट टम्म.

"गाभोळी," बाबा म्हणाले.

आमच्या घरात गाभोळीसाठी भांडणं होतात. आईच्या हातची तळलेली गाभोळी ही आम्हा भावंडांच्या वाटणीची गोष्ट. मी नियम सांगायला तोंड उघडलं: इथे साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय ठेवता येत नाही. तोवर बाबांनी तिला दोन्ही हातांवर घेऊन पाण्यात डोकं खाली करून धरलं होतं. शेपटी हलली, गेली. "पावसाच्या तोंडावर आमचा जिताडा खाडीच्या मुखाशी येतो," ते गाइडला मराठीतच सांगत होते. "तो खाली उतरतो, तुमचा वर चढतो." मी भाषांतर केलं. गाइडने विचारलं, मग तुम्ही तेव्हा मुखाशी जाळं टाकता का? बाबा जरा थांबले. "टाकतात," म्हणाले. "म्हणून आता पूर्वीसारखा मिळत नाही."

दुपारी मापात बसणारे चार छोटे वॉलआय बर्फावरच तळले. गाइडचा तळणीचा बेत: बटाट्याच्या चकत्या, कांदा, डब्यातल्या बीन्स. आमचा: हळद, मीठ, आगळ. त्याने आगळाची बाटली उलटीसुलटी करून बघितली आणि आम्ही ती त्याच्याकडेच ठेवली.

रविवार

निघायच्या आधी सामान आवरलं. कचरा बर्फावर ठेवणं हा आता दंडाचा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बर्फ वितळला की सगळं पाण्यातच जातं. सीमेवरच्या पाण्यावरची घरं ३१ मार्चपर्यंत काढावी लागतात, त्यामुळे सगळीकडे घरं उचलायची लगबग चालली होती.

बॉम्बार्डियरमध्ये बाबांनी गाइडला शेवटचं विचारलं, अंडी घालून झाली की मग? तो म्हणाला, मे-जूनमध्ये परत तलावात पांगतो, उन्हाळ्यात खोलात जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात शायनर मासळीचे थवे नदीत शिरतात आणि वॉलआय त्यांच्यामागे पुन्हा मुखाशी येतो, तेव्हा होडीतून गरवता येतो.

"होडीतून?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. "दादाला सांग, पुढचं तिकीट ऑक्टोबरचं काढ. आईला दिवाळीला परत पोचवू."